कापा फणस: ओळख, कलम आणि लागवड यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कापा’ ही फणसाची जात आहे का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. कापा आणि बरका हे फणसाचे दोन प्रकार गऱ्याच्या पोतावरून केलेले आहेत. पिकल्यानंतरही ज्याचा गरा घट्ट आणि करकरीत राहतो आणि जो सुरीनेच उघडावा लागतो तो कापा. पिकल्यावर ज्याचा गरा मऊ, रसाळ आणि धागेदार होतो आणि जो हातांनीही फोडता येतो तो बरका. केरळात याच दोन प्रकारांना वरिक्का आणि कूळा म्हणतात. जात म्हणजे एका विशिष्ट झाडापासून कलमाने वाढवलेली, सर्व झाडांत सारखेच गुण असलेली संतती. फणस मात्र पिढ्यान्‌पिढ्या आठळ्यांपासूनच वाढत आल्यामुळे परसातले प्रत्येक झाड आपल्यापुरती स्वतंत्र जातच असते. त्यामुळे ‘आमच्याकडे कापा आहे’ असे सांगणे म्हणजे ‘आमच्याकडे सुवासिक तांदूळ आहे’ असे सांगण्यासारखे आहे. तो कोणता, हे त्यातून कळत नाही.

खऱ्या अर्थाने जात म्हणता येतील अशीही काही नावे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवड पद्धतीने दिलेली ‘कोकण प्रॉलिफिक’ ही कापा प्रकारातली आहे. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात सापडलेला ‘सिद्धू’ लहान फळासाठी आणि तांबूस गऱ्यासाठी ओळखला जातो, तर तमिळनाडूतली ‘पालूर-१’ हीदेखील निवडीतून आलेली जात आहे. खरेदी करताना ‘कापा’ एवढ्या शब्दावर समाधान न मानता जातीचे किंवा मातृवृक्षाचे नाव विचारावे, आणि ते सांगता येत नसेल तर आपण प्रकार विकत घेत आहोत, जात नव्हे, हे लक्षात ठेवावे.

पानांवरून किंवा खोडावरून कापा-बरका ओळखता येतो का?

येत नाही. गोल पानाचा तो कापा, लांबट पानाचा तो बरका, किंवा साल काळपट असेल तर कापा, असे आडाखे गावोगावी ऐकायला मिळतात आणि दोन गावांचे आडाखे पुष्कळदा एकमेकांच्या उलट असतात. फणसाच्या एकाच झाडावर पानांचे आकार बदलतात. कोवळ्या रोपाची आणि जोमाने फुटलेल्या धुमाऱ्याची पाने कधीकधी दोन-तीन ठिकाणी खोलवर कातरलेली असतात, आणि झाड मोठे झाले की पाने अखंड, जाड, वरून चकचकीत गडद हिरवी होतात. कातरलेली पाने पाहून ‘हा फणस नव्हेच’ म्हणून रोप उपटून टाकल्याची उदाहरणे आहेत, म्हणून एवढे स्पष्ट लिहिले.

मग फळ न कापता तरी ओळखता येते का?

कच्च्या फळावरून खात्रीने सांगता येत नाही. काट्यांची जाडी, फळाचा आकार आणि सालीचा रंग या गोष्टी झाडागणिक बदलतात, पण त्यांचा गऱ्याच्या पोताशी भरवशाचा संबंध नाही. फळ पूर्ण पिकल्यावर मात्र अंगठ्याने दाबून अंदाज घेता येतो: बरक्याची साल सहज आत जाते आणि फळ जवळजवळ लिबलिबीत लागते, तर कापा पिकून वास सुटला तरी दाबाला बराच विरोध करतो. झाडावरून गळून पडलेले पिके फळ जमिनीवर फुटून पसरले असेल तर ते बहुधा बरक्याचे असते. यापलीकडचा सर्वांत विश्वासू पुरावा म्हणजे त्या झाडाचे गरे अनेक वर्षे खाल्लेला माणूस.

फणस समजून दुसरेच झाड लावले जाण्याची शक्यता किती?

आठळी पाहून लावली असेल तर जवळजवळ नाही. रोप आणले असेल तर थोडी आहे. फणसाचे शास्त्रीय नाव आर्टोकार्पस हेटेरोफायलस. तो वड-उंबराच्या कुळातला आणि मूळचा पश्चिम घाटातला. त्याच आर्टोकार्पस गटातला नीरफणस, ज्याला विलायती फणस असेही म्हणतात, मोठ्या झाडावरही खोल कातरलेली, हातभर लांब पाने ठेवतो, आणि त्याचे फळ खोडावर न येता फांद्यांच्या टोकांना येते. जंगलातल्या रानफणसाचे फळ लहान असते आणि पानांच्या खालच्या बाजूला लव असते. आग्नेय आशियातून आलेल्या चेंपेडाकच्या कोवळ्या फांद्यांवर तपकिरी लव दिसते आणि त्याच्या पिकलेल्या फळाला फणसापेक्षा बराच उग्र वास येतो. ड्युरियनचे काटे पाहून त्याला फणसाचा भाऊ मानले जाते, परंतु त्याचे कुळच वेगळे आहे.

कापा फणसाची आठळी लावली तर कापाच येईल का?

येईलही आणि येणारही नाही. फणसात नर आणि मादी फुलोरे एकाच झाडावर असले तरी स्वतंत्र असतात, आणि परागीभवन मोठ्या प्रमाणात दुसऱ्या झाडाच्या परागाने होते. शेजारी बरका असेल तर आपल्या आवडत्या कापा झाडाच्या आठळीतही त्याचा वाटा येऊ शकतो. शिवाय रोपाला पहिले फळ येण्यास साधारण सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, म्हणजे चूक कळते तेव्हा झाड दोन मजली घराएवढे झालेले असते.

आठळीला तिचा उपयोग आहे, पण तो खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधायचे त्यासाठी. फणसाची आठळी वाळवून साठवता येत नाही. ती सुकली की तिची उगवणशक्ती झपाट्याने जाते. फळ फोडल्यानंतर आठळ्या धुऊन, एक दिवस पाण्यात भिजवून लगेच पिशवीत लावणे उत्तम. आठळी आडवी ठेवावी आणि पिशवी उंच निवडावी, कारण सोटमूळ फार लवकर खाली धावते आणि आखूड पिशवीत त्याची गुंडाळी होते. अशी गुंडाळी झालेले रोप नंतर कितीही चांगल्या जागी लावले तरी वर्षानुवर्षे रखडते.

कलम करण्यासाठी मातृवृक्ष कसा निवडावा?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण पुढची सर्व मेहनत या एका निर्णयावर उभी असते. एखाद्या मे महिन्यात एका झाडाचा गरा खाऊन भारावून जाणे आणि लगेच काड्या मागणे ही सर्वसाधारण रीत आहे. तसे करू नये. त्या झाडावर किमान दोन, शक्यतो तीन हंगाम लक्ष ठेवावे. चांगल्या पावसाच्या आणि कमी पावसाच्या वर्षी गरा सारखाच राहतो का, झाड दर वर्षी फळते का, की एक वर्ष लदते आणि दुसऱ्या वर्षी रुसते, हे पाहावे.

नोंद ठेवताना फळांची संख्या आणि वजन याबरोबर एका फळातले गरे मोजावेत, आणि गरे सोलून त्यांचे वजन एकूण फळाच्या वजनाशी ताडून पाहावे. फणसाच्या वजनातला मोठा भाग चारखंड (काटेरी साल), पाव (मधला दांडा) आणि गऱ्यांमधले तंतू यांचाच असतो; खाण्याजोगा गरा साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतो, त्यामुळे या बाबतीत थोडे सरस असलेले झाडही फार मोलाचे ठरते. गऱ्याची जाडी, करकरीतपणा, रंग, गोडी आणि चिकाचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंद करावी. गोडी जिभेवर सोडू नये. शक्य असल्यास ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, मोजणारे लहान उपकरण वापरावे, कारण भूक लागलेल्या परीक्षकाला प्रत्येक गरा गोड लागतो.

फळाच्या आकाराबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पंचवीस-तीस किलोचे फळ पाहणाऱ्याला सुखावते, पण ते झाडावरून उतरवायला दोन माणसे लागतात आणि फोडल्यावर घरात कोणालाच ते संपवता येत नाही. पाच ते आठ किलोची, भरपूर गरे असलेली फळे देणारे झाड मी त्यापेक्षा नेहमीच वरचे मानतो. पक्वतेचा काळही महत्त्वाचा आहे: कोकणात पाऊस सुरू झाल्यावर पिकणारी फळे पाणचट होतात आणि कुजतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये तयार होणारे झाड मृग नक्षत्राची वाट पाहणाऱ्या झाडापेक्षा कलमासाठी अधिक योग्य.

घरी कलम बांधता येते का?

येते, मात्र आंब्याइतके सोपे नाही, आणि त्याचे मुख्य कारण चीक. काप घेताच दोन्ही बाजूंनी चीक ओघळतो आणि खुंट व काडी यांच्यामध्ये थर बसला की सांधा जुळत नाही. म्हणून ओल्या स्वच्छ फडक्याने चीक टिपत, धारदार पात्याने आणि न रेंगाळता काम करावे लागते.

मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या, मऊ खोडावर बांधलेले कलम, ही फणसासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. निवडलेल्या मातृवृक्षावरची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला अशी काडी हेरून ठेवावी, आणि कलम बांधण्याच्या आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून तिची पाने छाटावीत. देठ आपोआप गळू लागले की काडी तयार झाली असे समजावे. पिशवीतल्या कोवळ्या रोपाचा शेंडा जमिनीपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर, जिथे खोड अजून मऊ आहे तिथे, कापून मधोमध तीन-चार सेंटिमीटरची चीर द्यावी. काडीच्या बुडाशी तेवढ्याच लांबीची पाचर करून ती चिरेत बसवावी. दोघांची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. त्यावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून काडीवर पातळ पिशवीची टोपी घालावी आणि रोप सावलीत, दमट हवेत ठेवावे. तीन-चार आठवड्यांत डोळा फुटू लागतो. टोपी लवकर काढण्याचा मोह आवरावा. कोवळी फूट कोरड्या हवेत एका दुपारीही मान टाकते. खुंटावरून येणारे फुटवे मात्र दिसताक्षणी खुडावेत.

खोड थोडे जून झालेल्या रोपावर डोळा भरण्याची पद्धतही यशस्वी होते. तीही आधी एखाद्या जाणकाराशेजारी बसून शिकावी.

रोपवाटिकेतून कलम घेताना काय पाहावे?

सांध्याची खूण स्पष्ट दिसली पाहिजे, आणि तो सांधा भरून आलेला असला पाहिजे. सांध्याच्या वरची फूट किमान एकदा पूर्ण जून झालेली असावी. प्लॅस्टिकची पट्टी अजून खोडात रुतलेली असेल तर ती हलक्या हाताने कापून काढावी. पिशवीच्या बुडातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत शिरलेले असेल तर ते कलम घेऊ नये, कारण ते उचलताना सोटमूळ तुटलेले असते. उंच कलमापेक्षा बुटके आणि जाड कलम चांगले. कापा म्हणून घेतलेल्या एका कलमावर मला सांधाच सापडला नव्हता; ते साधे रोप होते, आणि ही गोष्ट घरी आल्यावर लक्षात आली.

जागा, माती आणि अंतर कसे असावे?

जांभ्याच्या मातीपासून गाळाच्या मातीपर्यंत फणस सर्वत्र येतो, मात्र त्याची एक अट आहे: मुळाशी पाणी साचता कामा नये. दुष्काळ सोसणारे मोठे झाडही पाणथळ जागेत थोड्याच दिवसांत पिवळे पडून मरू शकते. म्हणून सखल वाफ्यापेक्षा उताराची जागा पसंत करावी आणि भारी जमिनीत उंचवटा करून लावावे. थंडीत दव गोठणाऱ्या प्रदेशात कोवळी झाडे तगत नाहीत.

पारंपरिक शिफारस १० मीटर अंतराची आहे, म्हणजे हेक्टरी १०० झाडे. नियमित छाटणी करण्याची तयारी असेल तर अंतर सात-आठ मीटरपर्यंत आणता येते. कातळात किंवा कठीण जांभ्यात एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. भुसभुशीत जमिनीत एवढ्या मोठ्या खड्ड्याची गरज नाही. वरची माती आणि कुजलेले शेणखत यांनी तो भरून पावसाळ्याच्या आरंभी कलम लावावे. लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नये आणि सांधा जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून झापांचा आडोसा द्यावा.

पाणी आणि खत किती द्यावे?

पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा पाणी आणि बुंध्याशी पाल्याचे जाड आच्छादन एवढे पुरते. आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये. फळधारणेच्या वयात फळ पोसत असताना दिलेले पाणी फळाच्या आकारात दिसते. पूर्ण वाढलेल्या झाडाला पावसाच्या सुरुवातीला सुमारे ५० किलो शेणखत फांद्यांच्या घेराखाली चर काढून द्यावे. बुंध्याशी ओतलेले खत झाडाला फारसे मिळत नाही, कारण अन्न घेणारी बारीक मुळे घेराच्या कडेला असतात.

लहान फळे काळी पडून गळतात. रोग आहे का?

बहुतेक वेळा तो रोग नसतो, आणि ती फळेही नसतात. गळणारे ते नर फुलोरे. बोटाएवढे, लांबट, गुळगुळीत असे हे फुलोरे पिवळसर परागाने माखतात, त्यांचे काम संपते, मग त्यांच्यावर काळी बुरशी चढते आणि ते गळून पडतात. झाडाचा हा नित्यक्रम आहे, त्यावर औषध मारण्याचे कारण नाही.

मादी फुलोरा ओळखणे अवघड नाही. त्याचा देठ जाड असतो, बुडाशी हिरव्या कड्यासारखा उंचवटा दिसतो आणि पृष्ठभाग कळ्यांच्या टोकांमुळे खरखरीत लागतो. मादी फुलोरे मुख्यतः खोडावर आणि जाड फांद्यांवर येणाऱ्या आखूड डहाळ्यांना लागतात, तर नर फुलोरे कोवळ्या फांद्यांवरही दिसतात. नव्याने फुलणाऱ्या झाडाला पहिल्या वर्षी बहुतांशी नर फुलोरेच येतात. त्यामुळे मालक निराश होतो आणि झाड ‘वांझ’ ठरवले जाते. अशा झाडाला आणखी एक-दोन वर्षे द्यावीत.

ठरलेले मादी फळ, म्हणजे खरी कुयरी, देठाकडून मऊ पडून करड्या-काळ्या बुरशीने झाकली जात असेल तर ती मात्र फळकूज आहे. दाट सावली, कोंदट हवा आणि झाडावर लोंबणारी जुनी कुजकी फळे यांमुळे ती पसरते. कुजलेली फळे गोळा करून पुरावीत, खोडाभोवतीचे दाट फुटवे काढून वारा खेळता करावा. दर वर्षी होत असेल तर एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुना यांच्या द्रावणाची) फवारणी उपयोगी पडते.

फळ वाकडे का होते?

फणस हे एक फळ नसून शेकडो फुलांपासून मिळून झालेला समूह आहे. ज्या फुलाचे फलन झाले त्याचा गरा आणि आठळी होते. ज्याचे झाले नाही त्याचे नुसते तंतू राहतात. फुलोऱ्याच्या एका बाजूला पराग पोचलाच नाही तर ती बाजू खोल राहते आणि दुसरी फुगते. परिसरात फणसाचे एकच झाड असेल तर ही तक्रार अधिक आढळते. अशा वेळी परागाने माखलेला नर फुलोरा खुडून तो सकाळी मादी फुलोऱ्याच्या सर्व बाजूंनी हळूच फिरवावा. अळीने किंवा मार लागल्यानेही फळ वाकते, तेव्हा आधी छिद्र आहे का ते पाहावे.

झाड मोठे झाले, तरी फळ नाही. खोडात खिळे ठोकावेत का?

ठोकू नयेत. खिळ्याच्या जखमेतून खोडकिडा आणि कूज यांना वाट मिळते. आठळीचे झाड असेल तर प्रथम त्याचे वय मोजावे. वय झाले असेल तर उजेड तपासावा: मोठ्या झाडांच्या सावलीत अडकलेला फणस उंच होत राहतो आणि फळत नाही. सतत पाणी आणि नत्रयुक्त खत मिळणारे झाडही पालाच वाढवते. कलम असेल तर तीन ते पाच वर्षांत फळाची अपेक्षा करण्यास हरकत नाही.

किडींचा त्रास कोणता?

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी सर्वांत त्रासदायक आहे. शेंडा सुकलेला दिसला आणि बुडाशी भुसा आढळला तर तो भाग खालपर्यंत कापून नष्ट करावा. फळे लहान असतानाच जाळीदार कापडात किंवा गोणपाटात बांधावीत. खोडातून लाकडाचा भुसा पडत असेल तर ते भिरुडाचे, म्हणजे खोड पोखरणाऱ्या अळीचे, काम असते. तारेने छिद्र साफ करून अळी बाहेर काढावी आणि छिद्र चिखलाने बंद करावे. पिठ्या ढेकूण मुंग्यांबरोबर चढतात, म्हणून मुंग्यांची रांग आधी तोडावी.

छाटणी करावी का?

करावी, आणि झाड लहान असतानाच. मुख्य शेंडा तीन-साडेतीन मीटरवर छाटून बाजूच्या चार-पाच फांद्या चारी दिशांना वाढू दिल्या तर पुढे शिडी न लावता फळे काढता येतात. छाटणी काढणीनंतर करावी. खोडावरच्या ज्या आखूड डहाळ्यांना फळे लागली होती त्यांच्या बुडाजवळूनच पुन्हा फुलोरे येतात. खोड स्वच्छ दिसावे म्हणून त्या मुळापासून तासून टाकू नयेत.

फळ तयार झाले हे कसे ओळखावे?

काटे बोथट आणि विरळ होतात, सालीचा हिरवा रंग पिवळट छटेकडे झुकतो, देठाजवळचे पान पिवळे पडते आणि बोटाने टिचकी मारली तर भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज येतो. यांपैकी एकच खूण पुरेशी मानू नये. कापा फणस वास सुटण्याच्या आधी काढावा. तो घरात काही दिवसांत पिकतो. दोर बांधून अलगद उतरवावा आणि देठ खाली करून चीक निथळू द्यावा. फोडताना हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावावे.

कलमाला फळ आले, पण गरा बरक्यासारखा मऊ आहे. आता काय करावे?

प्रथम बुंध्याशी बसून पाहावे. सांध्याच्या खालून फुटलेला धुमारा वाढून तोच मुख्य खोड झाला असेल आणि मूळ कलम बाजूला सुकून गेले असेल, तर आपण खुंटाचे फळ खात आहात. सांधा शाबूत असेल तर एका फळावरून निवाडा करू नये. पहिल्या बहराची फळे फिकी असतात, पावसात पिकलेला आणि अति पिकलेला कापाही थोडा मऊ पडतो. योग्य वेळी काढलेली फळे दोन हंगाम मऊ आणि धागेदार निघाली तरच मातृवृक्षाविषयी शंका घ्यावी.

तरीही झाड तोडण्याची गरज नाही. खोड कमरेएवढ्या उंचीवर कापल्यास त्यावर जोमदार धुमारे येतात. त्यांपैकी दोन-तीन सशक्त धुमारे ठेवून त्यांवर खात्रीच्या कापा झाडाच्या काड्या बांधाव्यात. मुळांचा पसारा आधीच तयार असल्यामुळे अशी कलमे नव्या लावलेल्या कलमांपेक्षा लवकर वाढतात. मात्र ठुंठावर नंतर कोठूनही येणारी जुन्या झाडाची फूट पुढची दोन वर्षे सातत्याने काढत राहावी लागते.